फर्मवेअर अपडेटनंतर डेस्कटॉप उठत नसेल तर: कॅबिनेट उघडण्याआधीची तयारी

बायोसच्या, म्हणजे मदरबोर्डवरच्या मशीन सुरू करणाऱ्या फर्मवेअरच्या, अपडेटची पट्टी १०० टक्क्यांवर गेली, मशीन रीस्टार्ट झालं आणि स्क्रीन काळीच राहिली, की हात आधी पॉवर बटणाकडे जातो. तो आवरा. तयारीतली पहिली वस्तू म्हणजे घड्याळ. डीडीआर५ रॅमच्या बोर्डवर अपडेटनंतर मेमरी ट्रेनिंग नव्याने होतं. बोर्ड प्रत्येक स्टिकशी टायमिंग आणि व्होल्टेज जुळवून पाहतो, जमलं नाही तर आपणच बंद होऊन पुन्हा सुरू होतो. तेवढा वेळ पंखे फिरत राहतात, बोर्डवरचा डीरॅमचा (रॅमचा) दिवा पेटलेला असतो आणि स्क्रीनवर काहीही येत नाही. चार स्टिक आणि मोठी क्षमता असेल तर एएमडीच्या एएम५ बोर्डवर यात काही मिनिटं सहज जातात. शिवाय काही अपडेट मुख्य फाइल लिहून झाल्यावर पुढच्या रीस्टार्टला आणखी एखादं लहान फर्मवेअर लिहितात. त्या मधल्या वेळी वीज तोडली, तर धडधाकट मशीन खरोखरच बिघडतं. वेळ लिहून ठेवा, २० मिनिटं मशीनला हात लावू नका आणि तोवर पुढचं सामान जमवा.

सामानातली सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे बिटलॉकरची (डिस्क कुलूपबंद करणाऱ्या विंडोजच्या एन्क्रिप्शनची) ४८ अंकी रिकव्हरी की. 'मी तर बिटलॉकर कधी लावलंच नाही' या भरवशावर राहू नका. विंडोज ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं असेल, तर अनेक मशीनवर, अगदी होम आवृत्तीतही, डिस्क एन्क्रिप्शन आपोआप चालू झालेलं असतं. डिस्कची चावी टीपीएम (चाव्या जपणारा सुरक्षा भाग) सांभाळतो आणि फर्मवेअरची मोजमापं पूर्वीसारखी जुळली तरच ती सोडतो. अपडेटने मोजमापं बदलली, की निळ्या स्क्रीनवर की मागितली जाते. हा बिघाड नव्हे, पण की हाताशी नसेल तर डेटा गेल्यातच जमा. दुसऱ्या कॉम्प्युटरवरून किंवा फोनवरून मायक्रोसॉफ्ट खात्यात जा, तिथे रिकव्हरी की शोधा आणि आकडे कागदावर उतरवून घ्या. खात्यात तीन-चार मशीनच्या की असतील, तर निळ्या स्क्रीनवर दिसणाऱ्या की आयडीची पहिली ८ अक्षरं जुळवा. मशीन ऑफिसचं असेल, तर की आयटी विभागाकडे मिळेल. खात्याचा पासवर्डही आठवून ठेवा, कारण टीपीएम रिकामा झाला तर विंडोजचा पिन चालत नाही.

एएमडीच्या बोर्डवर याच टप्प्यावर एक इंग्रजी प्रश्न येतो: एफटीपीएमची (प्रोसेसरमधल्या टीपीएमची) नोंद बदलली आहे, रीसेट करायला वाय दाबा, जुनी ठेवायला एन दाबा. रिकव्हरी की कागदावर नसेल तर एन. घाईत दाबलेला वाय मागे घेता येत नाही.

आता बोर्डची ओळख. 'बी५५० आहे' एवढं पुरत नाही, ते फक्त चिपसेटचं नाव. पूर्ण मॉडेल आणि रिव्हिजन लागतं, आणि ते बॉक्सवरून न घेता बोर्डवर छापलेलं वाचावं. बहुधा पीसीआय एक्स्प्रेस स्लॉटच्या आसपास किंवा बोर्डच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत 'रेव्ह १.०', 'रेव्ह १.२' असं लिहिलेलं असतं. टॉर्च मारून फोनने फोटो काढा आणि मोठा करून वाचा. एकाच नावाच्या दोन रिव्हिजनना वेगवेगळ्या बायोस फाइली असू शकतात. उत्पादकाच्या साइटवरून दोन फाइली उतरवा: आत्ता टाकलेली आणि त्याआधी नीट चालत असलेली. प्रत्येक आवृत्तीखालची टीप शेवटपर्यंत वाचा. 'आधी अमुक आवृत्ती टाकणं आवश्यक', 'या आवृत्तीनंतर मागे जाता येणार नाही', 'अमुक पिढीच्या प्रोसेसरचा सपोर्ट काढला आहे' अशा ओळी तिथेच असतात आणि पुष्कळदा न उठणाऱ्या मशीनचं कारण त्यातल्याच एका ओळीत सापडतं. साइटवर चेकसम (फाइल जशीच्या तशी उतरली का हे तपासायचा आकडा) दिला असेल तर तो जुळवून पाहा. विंडोजमध्ये सर्टयुटिल या कमांडने एसएचए-२५६ प्रकारचा चेकसम काढता येतो.

पेनड्राइव्ह दोन हवेत. पहिला ३२ जीबी किंवा त्याहून लहान, एफएटी३२ फॉरमॅटचा, एकच पार्टिशन असलेला. शक्यतो साधा यूएसबी २.० चा घ्या, कारण प्रोसेसरशिवाय बायोस लिहिणारी (फ्लॅश करणारी) चिप फार साधी असते आणि नवे वेगवान पेनड्राइव्ह तिला कधीकधी ओळखता येत नाहीत. त्याच्यावर झिप नाही, झिपमधून बाहेर काढलेली बायोस फाइल ठेवायची, फोल्डरमध्ये न घालता थेट. नावाच्या बाबतीत बोर्ड हट्टी असतात. एमएसआयच्या बोर्डला फाइलचं नाव 'एमएसआय' आणि टिंबानंतर 'आरओएम' असं लागतं, गिगाबाइटला 'गिगाबाइट' आणि टिंबानंतर 'बिन', एएसरॉकला 'क्रिएटिव्ह' आणि 'आरओएम', सगळं इंग्रजी अक्षरांत. आसुसच्या झिपमध्ये नाव बदलून देणारा छोटा प्रोग्रॅम बहुधा सोबतच असतो. नाव बदलण्याआधी विंडोजमध्ये एक्स्टेन्शन दिसण्याची सोय चालू करा, नाहीतर दिसायला नाव बरोबर, पण शेवटी न दिसणारं जुनं शेपूट तसंच, असं होतं आणि बोर्ड फाइल नाकारतो. दुसरा पेनड्राइव्ह किमान ८ जीबीचा, विंडोज इन्स्टॉलरचा. मशीनवर लिनक्स असेल तर लाइव्ह लिनक्सचा.

हत्यारं थोडीच लागतात: मध्यम आकाराचा चौफुली स्क्रूड्रायव्हर, नवा सीआर२०३२ बटण सेल, टॉर्च, कागद-पेन, बोर्डचं मॅन्युअल आणि तारेचा यूएसबी कीबोर्ड. ब्लूटूथ कीबोर्ड बायोसमध्ये चालत नाही, म्हणून तारेचाच, आणि तो मागच्या यूएसबी २.० पोर्टमध्ये लावा. मॉनिटरसाठी एक जादा केबल ठेवा. प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स असेल तर बोर्डच्या पोर्टलाही मॉनिटर लावून पाहायचा आहे. वीज भरवशाची नसेल तर यूपीएस आत्ताच जोडा.

२० मिनिटं झाली आणि मशीन अजून तसंच असेल, तर काही उघडण्याआधी एकाच प्रश्नाचं उत्तर मिळवा: बोर्ड चालत नाही, की बोर्ड चालतो आहे पण त्याला विंडोज सापडत नाही? ही दोन दुखणी वेगळी आहेत आणि त्यांचे उपाय एकमेकांत मिसळले की नुकसान होतं. सुरू करताना डिलीट किंवा एफ२ पुन्हा पुन्हा दाबा. सेटअपची स्क्रीन आली तर बोर्ड ठीक आहे. नाही आली, तर कॅप्स लॉक दाबून कीबोर्डचा दिवा बदलतो का पाहा. बदलत असेल तर बोर्ड बहुधा जागा आहे आणि संशय मॉनिटर, केबल किंवा ग्राफिक्स कार्डवर घ्यावा. पुष्कळ बोर्डवर प्रोसेसर, डीरॅम, व्हीजीए आणि बूट असे चार छोटे दिवे असतात. कोणता दिवा अडकून राहतो ते लिहून घ्या.

सेटअप दिसतो पण विंडोज येत नाही, हीच स्थिती जास्त वेळा भेटते आणि ती बरी आहे. अपडेटने बायोसची सगळी सेटिंग कारखान्याच्या मूळ स्थितीवर आणलेली असतात. पूर्वी तुमचं मशीन त्या मूळ स्थितीवर चालत नसेल, तर ते उठणार नाही, एवढंच. काही बदलण्याआधी प्रत्येक पानाचा फोनने फोटो काढा. मग आधी स्टोरेजच्या यादीत तुमची डिस्क दिसते का ते पाहा. दिसत असेल तर सुटकेचा श्वास घ्या आणि विंडोज नव्याने टाकण्याचा विचार मनातून काढून टाका.

डिस्क दिसते पण विंडोज 'इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस' म्हणत निळं होतं, तेव्हा कारण जवळजवळ नेहमी साटा मोड (डिस्क हाताळण्याची पद्धत) किंवा इंटेलचं व्हीएमडी (डिस्क हाताळणारी बायोसमधली सोय) असतं. विंडोज ज्या मोडमध्ये टाकलं, त्याच मोडचा ड्रायव्हर ते सुरुवातीला उचलतं. साध्या एएचसीआय मोडचं रेड (अनेक डिस्क एकत्र चालवणारा मोड) झालं किंवा रेडचं एएचसीआय, की त्याला आपलीच डिस्क उघडता येत नाही. मोड पूर्वीसारखा करा, बस. आधी काय होतं ते आठवत नसेल तर दुसरा पर्याय निवडून एकदा सुरू करून पाहायला हरकत नाही. मात्र रेडचा अ‍ॅरे असेल तर 'क्रिएट' किंवा 'इनिशियलाइझ' म्हणणाऱ्या कुठल्याही बटणाला हात लावू नका.

विंडोजपर्यंत गोष्ट पोचतच नाही आणि बूटयोग्य डिस्क नाही असं म्हटलं जातं, तेव्हा सीएसएम, म्हणजे जुन्या पद्धतीने बूट करू देणारी बायोसमधली सोय, पाहा. जुनं, एमबीआर पद्धतीच्या (जुन्या तऱ्हेने पार्टिशन केलेल्या) डिस्कवर टाकलेलं विंडोज सीएसएमशिवाय उठत नाही, आणि नव्या बायोसमध्ये सीएसएम बंद असणं हेच मूळ सेटिंग असतं. उलट बाजूही आहे: यूईएफआयला (नव्या पद्धतीच्या बायोसला) अनुकूल व्हीबायोस (कार्डवरचं फर्मवेअर) नसलेलं जुनं ग्राफिक्स कार्ड सीएसएम बंद झाल्यावर चित्रच दाखवत नाही. म्हणून तो बोर्डचा पोर्ट लागतो. लिनक्स असलेल्या मशीनवर बोर्डच्या मेमरीतली बूट नोंद पुष्कळदा पुसली गेलेली असते, फाइली जागेवरच असतात. लाइव्ह पेनड्राइव्हवरून ईएफआयबूटएमजीआर या कमांडने नोंद पुन्हा लिहिली की काम झालं. विंडोजच्या बूट फाइली बीसीडीबूट या कमांडने पुन्हा बसवता येतात, पण त्याआधी बूट यादीत 'विंडोज बूट मॅनेजर' आहे आणि तो पहिल्या क्रमांकावर आहे, एवढं बघून घ्या. पुष्कळांचं काम तेवढ्यावर भागतं.

सेटअपच येत नसेल, तर आता कॅबिनेट उघडायचं. एसएमपीएसचा (वीजपुरवठ्याच्या डब्याचा) स्विच बंद, वायर भिंतीतून बाहेर, मग पॉवर बटण १५ सेकंद दाबून धरा, म्हणजे कपॅसिटरमधली उरलेली वीज निघून जाते. कॅबिनेटच्या उघड्या लोखंडी भागाला हात लावून अंगातली स्थिर वीज सोडा. सीमॉस, म्हणजे बायोसची साठवलेली सेटिंग, पुसण्यासाठी बटण सेल काढायचा. तो बहुधा ग्राफिक्स कार्डच्या खाली दडलेला असतो, त्यामुळे कार्ड आधी काढावं लागतं. सेलच्या कडेला एक बारीक धातूची पट्टी असते. नखाने ती बाहेरच्या बाजूला ढकलली की सेल आपोआप वर उसळतो. स्क्रूड्रायव्हर खालून घालून उचकटू नका, खालचा संपर्क वाकतो. १० मिनिटांनी नवा सेल अधिकची बाजू वर ठेवून बसवा. सेलऐवजी दोन पिनांचा जंपरही चालतो. बोर्डवर त्याच्याशेजारी सीएलआरटीसी, जेबॅट१ किंवा सीएलआर सीमॉस असं लिहिलेलं असतं. वायर काढलेली असताना त्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने ५ ते १० सेकंद जोडा. वायर लावलेली असताना हे कधीही करू नका.

मग कमीत कमी सामानावर सुरू करा: प्रोसेसर, त्याचा पंखा आणि एकच रॅम स्टिक. चार स्लॉटच्या बोर्डवर ती बहुधा प्रोसेसरपासून दुसऱ्या स्लॉटमध्ये बसते, तरी मॅन्युअल पाहा. डिस्क आणि यूएसबीची उपकरणं बाजूला. ग्राफिक्स कार्ड फक्त प्रोसेसरला स्वतःचं ग्राफिक्स नसेल तरच. पुन्हा १५ मिनिटं थांबा, कारण सीमॉस पुसल्यावर मेमरी ट्रेनिंगही परत पहिल्यापासून असतं.

तरीही काही नाही, तर पहिला पेनड्राइव्ह. मागच्या पॅनेलवर बायोस फ्लॅशबॅक किंवा क्यू-फ्लॅश प्लसचं बटण असेल, तर प्रोसेसर किंवा रॅम न चालताही फाइल लिहिता येते. २४ पिनांची मुख्य केबल आणि प्रोसेसरची ८ पिनांची केबल जोडलेली हवी, एसएमपीएसचा स्विच चालू, मशीन बंद. पेनड्राइव्ह खूण केलेल्या पोर्टमध्येच लावायचा. काही बोर्डवर शेजारीच सीमॉस पुसण्याचं बटण असतं, म्हणून दाबण्याआधी वरचं लिखाण वाचा. बटण सुमारे ३ सेकंद धरल्यावर दिवा लुकलुकत राहिला, की काम चालू आहे. काही सेकंद लुकलुकून एकसारखा पेटून राहिला, तर बहुतेक बोर्डवर त्याचा अर्थ फाइल वाचता आली नाही असा असतो: नाव, फॉरमॅट किंवा पेनड्राइव्ह तपासा. लिहायला ५ ते १० मिनिटं लागतात. आधी जुनी, चाललेली आवृत्ती टाकून पाहावी, जर मागे जायला मनाई नसेल तर.

असं बटणच नसेल तर शेवटचा मार्ग उरतो तो बाहेरच्या प्रोग्रॅमरचा (चिपवर थेट लिहिणाऱ्या उपकरणाचा): सीएच३४१ए आणि बायोस साठवलेल्या आठ पायांच्या चिपवर बसणारा चिमटा. चिपवरचा नंबर भिंगाखाली वाचा आणि ती ३.३ व्होल्टची आहे की १.८ची ते डेटाशीटमध्ये पाहा. १.८ व्होल्टच्या चिपला अडॅप्टर नसेल तर चिप जळू शकते. लिहिण्याआधी जुना मजकूर दोनदा वाचून दोन्ही फाइली अगदी सारख्या आहेत का ते जुळवा. त्या फाइलीत नेटवर्कचा मॅक पत्ता, बोर्डचा सीरियल नंबर आणि ब्रँडेड मशीनमध्ये विंडोजची कीही असू शकते, म्हणून ती जपून ठेवा. १२८ मेगाबिटच्या चिपसाठी लिहायची फाइल नेमकी १,६७,७७,२१६ बाइटची हवी. साइटवरची फाइल त्याहून मोठी असेल तर तिच्या सुरुवातीला बहुधा जादा हेडर आहे, तो काढल्याशिवाय लिहू नका. हात थरथरत असेल किंवा चिमटा नीट बसत नसेल, तर हे काम जाणत्या तंत्रज्ञाकडे द्यावं.

मशीन उठलं, की आधी तारीख-वेळ लावा, सुरक्षिततेची सेटिंग पूर्वीसारखी करा आणि बिटलॉकर चालू आहे का ते पाहा. बाकीचं सामान एकेक करून जोडा, प्रत्येक वेळी एकदा बूट करून. एक्सएमपी किंवा एक्स्पो (रॅम जास्त वेगाने चालवणारी सेटिंग) सगळ्यात शेवटी चालू करा. तेव्हा स्क्रीन पुन्हा काही मिनिटं काळी राहू शकते, त्या वेळीही घड्याळ लावूनच थांबायचं.