थंडीत सकाळी बाईक चालू होत नाही? आधी सेल्फवरचा अंगठा काढा

डिसेंबर-जानेवारीत नाशिक, निफाड, सिन्नर पट्ट्यात पारा ७-८ वर उतरला की सकाळी साडेपाचला गल्लीगल्लीतून तो आवाज येतो, टर्रर्र टर्रर्र टर्रर्र, मग हळूहळू मंद होत जातो आणि शेवटी नुसतं कट-कट. दूध घालणारे, मार्केटला जाणारे, फर्स्ट शिफ्टवाले, सगळ्यांना घाई असते आणि त्या घाईत सेल्फ दाबून दाबून चांगली बॅटरी उतरवून ठेवतात. बिघाड भलतीकडेच असतो आणि खर्च मात्र बॅटरीचा होतो, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

थंडीने तीन गोष्टी होतात. पेट्रोलची वाफ नीट होत नाही, त्यामुळे आत जाणारं मिश्रण पेटायला जड जातं. इंजिन ऑइल काकवीसारखं घट्ट होतं, मग इंजिन फिरवायला जोर जास्त लागतो. आणि नेमक्या त्याच वेळी बॅटरीची ताकद कमी झालेली असते. पण आपली थंडी काही लडाखची नाही. ७-८ डिग्रीला तब्येतीने ठीक असलेली गाडी दोन-चार किकमध्ये चालू झालीच पाहिजे, नाही झाली तर गाडीत काहीतरी आधीपासूनच कमजोर होतं आणि उन्हाळाभर ते झाकलं गेलं एवढंच. त्यामुळे थंडीला दोष देऊन रोज सकाळी झटापट करू नका, ते कमजोर काय आहे ते शोधा.

सुरुवात अगदी साध्या गोष्टींनी करा. किल स्विच, म्हणजे हँडलवरचं इंजिन बंद करायचं बटण, चालू आहे का (पोरं खेळताना दाबून ठेवतात), गाडी न्यूट्रलला आहे का, साइड स्टँड वर आहे का (नव्या बऱ्याच गाड्यांत स्टँड खाली असताना गिअर पडलेला असेल तर गाडी चालूच होत नाही), पेट्रोल कॉक उघडा आहे का आणि टाकीत पेट्रोल आहे का, काटा काय दाखवतो ते सोडा, झाकण उघडून बघा, पण मोबाइलच्या टॉर्चने, काडी पेटवून नाही.

आता तुमची गाडी कार्बोरेटरची की एफआयची (फ्यूएल इंजेक्शन, म्हणजे पेट्रोल पंप आणि सेन्सरच्या हिशोबाने फवारलं जातं) ते बघा. एप्रिल २०२० पासून बीएस ६ (धुराचे कडक नियम) आलं, त्यानंतरच्या जवळजवळ सगळ्या गाड्या एफआय आहेत, त्यांना चोक नसतो.

कार्बोरेटरवाली असेल तर चोक पूर्ण ओढा आणि रेस अजिबात न देता किक मारा. चोक ओढून वर रेस पण पिळायची ही सवय बहुतेकांना असते, आणि ती चुकीची आहे, रेस उघडली की चोकचा उपयोगच निघून जातो. आधी चावी बंद ठेवून चार-पाच किक हळू मारल्या की घट्ट ऑइल थोडं सुटं होतं, मग चावी चालू करून एक दणकून किक. चालू झाली की अर्ध्या-एक मिनिटाने चोक हळूहळू परत आत ढकला. तसाच राहिला तर स्पार्क प्लग काळा पडतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच प्लगमुळे गाडी अडते.

खूप किक मारल्या आणि पेट्रोलचा उग्र वास यायला लागला तर गाडी ओव्हर झाली, म्हणजे आत पेट्रोल जास्त झालं, समजा. चोक बंद, रेस पूर्ण उघडी धरायची, चावी बंद ठेवून सात-आठ किक मारायच्या, पाच मिनिटं थांबायचं आणि मग चोकशिवाय प्रयत्न करायचा.

एफआयवाल्यांनी चावी फिरवली की लगेच बटण दाबू नका. दोन-तीन सेकंद पंपाचा बारीक झूंऽऽ आवाज येतो, तो थांबू द्या, मग रेस न देता सेल्फ मारा. पंपाचा आवाजच येत नसेल तर फ्यूज बघा, बॅटरी बघा. गाडी चालू झाल्यावरही मीटरवरचा इंजिनचा पिवळा दिवा विझत नसेल तर बहुतेक एखादा सेन्सर बोलतोय, तिथे घरचे प्रयोग न करता सर्व्हिस सेंटर गाठा.

सेल्फ एका वेळी चार-पाच सेकंदांपेक्षा जास्त दाबायचा नाही आणि मध्ये किमान १५-२० सेकंद सोडायचे. नुसता कट-कट आवाज आला तर रिले (सेल्फला करंट जोडणारा स्विच) ओढतोय पण बॅटरीत जीव नाही, किंवा टर्मिनल ढिलं आहे, टर्मिनलवर पांढरी-हिरवी पावडर असेल तर गरम पाणी आणि जुना टूथब्रश, कोरडं करून घट्ट आवळा आणि वर थोडी व्हॅसलिन. मल्टिमीटर साधा घेतला तरी फार कामाला येतो. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास हवी, १२.४ च्या खाली असेल तर चार्जिंगला लावा, १२ च्या खाली म्हणजे रिकामीच. सेल्फ मारताना १० च्या बरीच खाली पडली तर बॅटरी गेली. गाडी चालू असताना, थोडी रेस देऊन, साधारण १३.५ ते १४.५ दिसायला पाहिजे, तेवढं येत नसेल तर नवी बॅटरी टाकूनही उपयोग नाही, चार्जिंगची लाइन तपासायला लागेल. दुकानदार हे मोजल्याशिवाय बॅटरी विकत असेल तर तुम्ही मोजायला सांगा.

बॅटरी थोडी उतरलेली असेल तर धक्का स्टार्ट होतो, दुसरा गिअर, क्लच दाबून पळवा, वेग आला की क्लच झटकन सोडा आणि इंजिन पेटताच परत दाबा. पण एफआय गाडीत बॅटरी साफ बसली असेल तर कितीही ढकला, पंपालाच करंट नाही मिळणार, दम वाया जातो.

बॅटरी ठीक, पेट्रोल ठीक, तरी नाही? मग प्लग काढा. इंजिन थंड असताना, टूलकिटमधल्या प्लग पान्याने. ओला आणि पेट्रोलचा वास म्हणजे पेट्रोल येतंय पण पेटत नाही. कोरडा म्हणजे पेट्रोलच पोचत नाही. कोरडा काळा काजळीचा थर म्हणजे मिश्रणात पेट्रोल जास्त, बहुतेक वेळा एअर फिल्टर चोंदलेला किंवा चोक अडकलेला. स्पार्क बघायचा तर प्लग कॅपमध्ये लावून त्याचा धातूचा भाग इंजिनच्या उघड्या धातूला टेकवा, प्लगच्या भोकापासून लांब, कारण तिथून पेट्रोलची वाफ बाहेर येते, कॅप रबरावर धरा आणि चावी चालू ठेवून किक मारा. निळा खणखणीत स्पार्क हवा. पिवळट, मरगळलेला दिसला तर सरळ नवा प्लग टाका. जुना घासून एक-दोन दिवस चालेल पण थंडीभर नाही टिकणार, आणि प्लग ही गाडीतली अगदी स्वस्तातली दुरुस्ती आहे. मॉडेलचा नंबर बघूनच घ्या, गॅप मॅन्युअलमध्ये दिलेला असतो.

प्लग कोरडा निघाला आणि गाडी महिनाभर उभी होती, तर कार्बोरेटरच्या खालचा ड्रेन स्क्रू ढिला करून आतलं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढा. हल्ली पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते ओलावा ओढून घेतं. तळाला वेगळा थर किंवा गढूळपणा दिसला तर ते पेट्रोल गाडीत परत ओतायचं नाही, टाकी पण रिकामी करून घ्या. बाटलीतलं पेट्रोल स्वच्छ असेल तर बहुतेक जेट (पेट्रोल सोडणारं बारीक भोक) चोंदलाय, कार्बोरेटर उघडून साफ करायला लागेल. दिवसभर बिनतक्रार चालणारी गाडी फक्त सकाळी त्रास देत असेल तर टॅपेट (इंजिनच्या व्हॉल्व्हची फट) टाइट झालेत का तेही मेकॅनिकला बघायला सांगा, हे बरेचदा राहून जातं.

ऑइलचा ग्रेड कंपनीने सांगितलाय तोच ठेवा. बऱ्याच १०० सीसीच्या गाड्यांना १०डब्ल्यू३० लागतं आणि गॅरेजवाला त्यापेक्षा घट्ट २०डब्ल्यू५० ओततो, मग थंडीत सेल्फला जास्त जोर लागतो.

गाडी चालू झाल्यावर लगेच भुंगाट रेस देऊ नका, ऑइल अजून वर पोचलेलं नसतं, मिनिटभर नुसती चालू ठेवून पहिले दोन-तीन किलोमीटर सावकाश काढा. आणि हे शेड किंवा बंद पार्किंगचं शटर लावून कधीच करू नका, धुरातला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, वासही येत नाही आणि माणूस जातो. आधी गाडी बाहेर ओढा, मग किक मारा.