मोंढ्याच्या पट्टीवरचं गणित

लेकरांना घरी शिकवत असाल तर गणिताचं पुस्तक उघडण्याआधी सोयाबीनची पट्टी, म्हणजे माल विकल्याची पावती, समोर ठेवा. आम्ही परभणीच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, माल घातला, की आडत्याने दिलेली पट्टी थोरली आधी वहीत उतरवते. सुरुवातीला ती 8 क्विंटल 5 किलो हे 8.5 असं लिहायची. मी ते खोडलं नाही. तिलाच 8.5 आणि 8.05 अशा दोन्हींचे पैसे काढायला लावले. मधे 45 किलोचा फरक आला, तेव्हा ती म्हणाली, "बाबा, एक पोतं कमी दिसतंय!" दशांश चिन्हानंतरचं शून्य ती पुन्हा कधी विसरली नाही. आता हमाली, तोलाई वजा करून हाती किती आले, हेही तीच सांगते. घाई मात्र करू नका, एका पट्टीला आठवडा लागला तरी चालतं.

भाषेसाठी बालभारतीची पुस्तकं संकेतस्थळावर मोफत मिळतात.

दहावीचा विचार आधीपासून करा. एनआयओएस या राष्ट्रीय मुक्त शाळेत वयाची 14 वर्षं पूर्ण झाल्यावर दहावीला प्रवेश मिळतो. परीक्षा किमान 5 विषयांची असते आणि मराठी माध्यमही आहे. सगळे विषय एकाच वेळी द्यावे लागत नाहीत. जन्मदाखल्यावरचं आणि आधारवरचं नाव अक्षरशः एकच आहे का, ते मात्र आजच बघून घ्या. तफावत असेल तर दुरुस्तीला वेळ लागतो.