जुना अॅनालॉग सिंथ पेटीसारखा वाजवा

कुडाळ-सावंतवाडीकडे भजनात पेटी वाजवणाऱ्याला हे शिकवावं लागत नाही: पट्टी कितीही जोरात दाबली तरी सूर मोठा होत नाही. सूर मोठा करतो भाता. जुन्या अॅनालॉग सिंथवर (विजेनं आवाज घडवणाऱ्या कीबोर्ड वाद्यावर) बसताना हीच सवय कामाला येते. पियानोवर शिकलेला माणूस मात्र पट्ट्यांवर जोर देत राहतो, फरक पडत नाही, आणि त्याला वाटतं वाद्य बिघडलंय.

पायरी १ : आधी तपासा. फिल्टर (आवाज मंद-उजळ करणारा भाग) अर्धा उघडा आणि एकच पट्टी हळू, मग जोरात वाजवा. तीन-चार वेगवेगळे आवाज लावून बघा, कारण एखाद्या आवाजात जोर ओळखायची सोय बंद ठेवलेली असू शकते. कुठेच फरक नसेल तर कीबोर्ड व्हेलॉसिटी, म्हणजे पट्टी खाली जाण्याचा वेग, मोजत नाही. मिनीमूग (१९७०), प्रॉफेट-५ (१९७८), ज्युपिटर-८ (१९८१), जुनो-१०६ (१९८४) हे सिंथ असेच आहेत. पण जुनं म्हणजे सगळं असंच, असं धरू नका. यामाहाचा सीएस-८० (१९७७) वेग तर मोजतोच, शिवाय दाबून धरलेल्या प्रत्येक पट्टीवरचा दाबही वेगळा ओळखतो.

मिडी (वाद्यं एकमेकांना जोडायची सोय) असेल तर बाहेरचा, वेग मोजणारा कीबोर्ड जोडून पुन्हा बघा. अल्फा जुनो-१ च्या स्वतःच्या पट्ट्या वेग मोजत नाहीत, पण बाहेरून आलेला वेग त्याला कळतो. जुनो-१०६ ला तोही कळत नाही.

कारण साधं आहे. मिनीमूगची पट्टी दोनच गोष्टी सांगते: सूर कुठला (सप्तकाला एक व्होल्ट या हिशेबानं) आणि पट्टी दाबलेली आहे की नाही. वेग मोजणाऱ्या बहुतेक कीबोर्डांत पट्टीखाली दोन संपर्क असतात. एक आधी जुळतो, दुसरा नंतर, आणि मधला वेळ मोजला जातो.

पायरी २ : डाव्या हाताला भाता द्या. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं हेच. बहुतेक वाद्यं जोरात वाजवली की मोठी होतात आणि उजळतातही, म्हणून फिल्टर उघडला की कानाला तो जोरच वाटतो. मिनीमूगवर डावा हात कट-ऑफच्या (फिल्टर किती उघडा ते ठरवणाऱ्या) नॉबवर ठेवा. जुनो-१०६ वर लिव्हरजवळचा डीसीओचा (सुराचा) स्लायडर शून्यावर आणि व्हीसीएफचा (फिल्टरचा) वर घ्या. मग कट-ऑफ थोडा मिटलेला ठेवा. आता लिव्हर उजवीकडे ढकलली की आवाज उजळतो, डावीकडे नेली की मंदावतो, आणि सूर जागचा हलत नाही. भाता सुराच्या किंचित आधी भरतो, तशीच लिव्हरही सुराच्या किंचित आधी ढकला. आठ-दहा दिवस एकच चाल घेऊन बसा, हात आपोआप जुळतो.

पायरी ३ : आघात बोटांनी बनवा. मिनीमूगवर आधीची पट्टी न सोडता खालच्या सुराची पट्टी दाबली तर एन्व्हलप (सुराचा चढ-उतार ठरवणारा भाग) नव्यानं सुरू होत नाही, सूर अलगद बदलतो. बोट उचलून दाबली तर ठोका पडतो. म्हणजे मृदू सूर जोडून, ठसठशीत सूर तोडून.

पायरी ४ : एवढ्यानं भागत नसेल तर जोडणी करा. आवाजाच्या वाटेत व्हॉल्यूम पेडल लावणं सगळ्यात सोपं. मिनीमूगच्या मागे फिल्टरसाठी कंट्रोल इनपुट असतो. मिडी-सीव्ही कन्व्हर्टरचा (मिडीचे संदेश व्होल्टेजमध्ये बदलणाऱ्या यंत्राचा) व्हेलॉसिटी आउटपुट तिथे जोडला की जोर दिल्यावर आवाज उजळतो. मात्र मूळ मिनीमूगला साधा गेट (पट्टी दाबल्याचा नेहमीचा व्होल्टेजचा इशारा) चालत नाही, एस-ट्रिगर (वेगळ्या प्रकारचा इशारा) लागतो. कन्व्हर्टर घेताना हे विचारून घ्या.

आपल्या खाऱ्या हवेबद्दलही सांगायला हवं. वेग मोजणाऱ्या कीबोर्डचा एखादा संपर्क पावसाळ्यानंतर खराब झाला की तीच एक पट्टी एकदम ओरडते, नाहीतर दबते. सेटिंग बदलत बसू नका. प्लग काढा, आत हात घालायची सवय नसेल तर जाणकाराला बोलवा, आणि संपर्क आयसोप्रोपिल अल्कोहोलनं हलक्या हातानं पुसून पूर्ण वाळू द्या. जून ते सप्टेंबर वाद्यावर कापड आणि वाद्याच्या खोक्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. गणपतीत आरतीला बाहेर काढाल तेव्हा पहिल्यांदा प्रत्येक पट्टी एकेकदा वाजवून बघा.