रेप्लिका स्पोर्ट्‌स कारसाठी टायरचे माप निवडताना या चुका टाळा

कारखान्यातून आलेल्या गाडीवर टायरचे माप आणि हवेचा दाब सांगणारी पट्टी लावलेली असते. रेप्लिकेत, म्हणजे जुन्या नामांकित गाडीच्या हुबेहूब प्रतिकृतीत, बॉडी एका गाडीसारखी, एक्सल आणि ब्रेक दुसऱ्या गाडीचे आणि इंजिन तिसऱ्याच गाडीचे असू शकते, त्यामुळे यांपैकी कोणत्याही एका गाडीचे माप जसेच्या तसे उचलले की अडचणी सुरू होतात. बहुतेक अडचणींचे मूळ एकच असते: मालक आधी टायरची रुंदी ठरवतो, मग त्याला साजेसा रिम घेतो आणि चाकाचा एकूण व्यास किती झाला, हे गाडी जमिनीवर उभी राहिल्यावर पाहतो. हा क्रम नेमका उलटा हवा.

१९६० च्या दशकातील कोब्रा या स्पोर्ट्‌स कारसारख्या रेप्लिकेच्या मागच्या चाकांसाठी २९५/५० आर १५ आणि २७५/६० आर १५ ही दोन्ही मापे विचारात घेतली जातात. मोठ्या आकड्यामुळे पहिला टायर मोठा वाटतो, पण पहिला आकडा मिलिमीटरमधली रुंदी, तिरक्या रेषेनंतरचा आकडा म्हणजे साइडवॉलची (टायरच्या बाजूच्या भिंतीची) उंची रुंदीच्या किती टक्के ते, आणि शेवटचा रिमचा इंचांतला व्यास असल्यामुळे गणित वेगळेच निघते. पहिल्याचा व्यास सुमारे ६७६ मिलिमीटर होतो, तर दुसऱ्याचा ७११. हा ३५ मिलिमीटरचा फरक गाडीभर जाणवतो. दुसरा टायर लावला, तर मागची बाजू साधारण १७ मिलिमीटर उचलली जाते. गिअरचे गुणोत्तर लांबल्यामुळे गाडी सुस्त वाटते. आणि स्पीडोमीटर पहिल्या टायरनुसार जुळवलेला असेल, तर काटा १०० दाखवत असताना गाडी १०५ च्या आसपास धावत असते. याहून छुपा परिणाम स्टिअरिंगवर होतो. मूळ कोब्राचा व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या एक्सलमधले अंतर) ९० इंचांचा, म्हणजे आखूड आहे. एवढ्या अंतरात मागची बाजू १७ मिलिमीटर वर गेली आणि पुढची जागीच राहिली, तर गाडी पुढे झुकते आणि कॅस्टर, म्हणजे पुढचे चाक ज्या अक्षाभोवती वळते त्याचा मागे असलेला कल, जवळपास अर्ध्या अंशाने कमी होतो. मग सरळ रस्त्यावर स्टिअरिंग अस्थिर वाटते आणि दोष स्टिअरिंग बॉक्सला दिला जातो. व्हील अलाइनमेंट अंतिम टायर बसवल्यानंतरच करायची असते, हे या प्रकारच्या गाडीत विशेष लक्षात ठेवावे.

जुन्या कागदपत्रांतील मापे वाचताना दुसरी चूक होते. १९६० च्या दशकातील टायरवर ८.१५-१५ अशी, म्हणजे इंचांतली रुंदी आणि रिमचा व्यास सांगणारी मापे असत. त्यांत साइडवॉलची टक्केवारी नसे आणि तो टायर आजच्या मानाने उंच असे. रुंदीचे मिलिमीटर काढून त्याच रुंदीचा आधुनिक, बुटका टायर बसवला, तर मडगार्डाखाली पोकळी दिसते आणि सायलेन्सर रस्त्याला टेकू लागतो. फोक्सवॅगन बीटलच्या सांगाड्यावर उभारलेल्या पोर्शे स्पीडस्टरच्या रेप्लिकांचेही तेच. जुने १६५ आर १५ हे माप टक्केवारी नसली तरी सुमारे ८० चे समजायचे, म्हणजे व्यास ६४५ मिलिमीटर. सहज मिळणारा १९५/६५ आर १५ व्यासाने याच्या बराच जवळ जातो, पण तो ३० मिलिमीटरने रुंद असल्यामुळे आतली आणि बाहेरची जागा आधी मोजावी लागते. जुना बाज राखण्यासाठी क्रॉसप्लाय, म्हणजे आतले धागे तिरके एकमेकांवर टाकलेले जुन्या पद्धतीचे टायर घेणारही असतात. त्याला हरकत नाही. मात्र पुढे रेडियल (आजचे नेहमीचे, ‘आर’ अक्षराचे टायर) आणि मागे क्रॉसप्लाय ही जोडी वळणावर मागची बाजू घसरवणारी असल्यामुळे ती कधीही लावू नये.

रुंदीचा विचार आता करावा, आणि तोही रिमसह. टायरवर छापलेली रुंदी ठरावीक रिमवर मोजलेली असते. रिम अर्धा इंच रुंद झाला की टायर सुमारे ५ मिलिमीटर फुगतो. रिमची सांगितली जाणारी रुंदी तर टायर बसतो त्या दोन कडांच्या आतल्या बाजूंमधली असते, प्रत्यक्षात रिम सुमारे एक इंच जास्त रुंद असतो. म्हणून शून्य ऑफसेटच्या, म्हणजे हबवर बसण्याचा पृष्ठभाग बरोबर मध्यावर असलेल्या, साडेनऊ इंची रिमची आतली बाजू त्या पृष्ठभागापासून पावणेपाच नव्हे, सव्वापाच इंच आत जाते. हा अर्धा इंच हिशेबात धरला नाही, तर टायर शॉकअब्सॉर्बरला घासतो. मग हब आणि चाक यांच्यामध्ये स्पेसर (जाड चकती) घालून चाक बाहेर ढकलले जाते, बेअरिंगवरचा भार वाढतो आणि चाकाच्या बोल्टला पुरेसे आटे उरत नाहीत. स्पेसर हा इलाज मला शेवटचाच वाटतो.

जागा तपासताना गाडी स्टँडवर घ्यावी, स्प्रिंग काढावी आणि चाक सस्पेंशनच्या पूर्ण प्रवासात वरखाली करून, प्रत्येक उंचीला स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवून पाहावे. हे दोन्ही बाजूंना करावे, कारण हाताने घडवलेल्या फायबरग्लास बॉडीत डाव्या आणि उजव्या मडगार्डात फरक सापडतोच.

मागे शक्य तितका रुंद टायर घालण्याचा मोह दिसण्यापुरता ठीक आहे. हजार-अकराशे किलोच्या गाडीत तो पुरेसा तापत नाही, पावसात पाण्यावर लवकर तरंगतो, आणि पुढचे टायर अरुंद राहिले तर वळणात गाडी पुढून बाहेर जाते. पुढचे आणि मागचे माप एकाच मॉडेलमध्ये मिळते का, हे रिम घेण्यापूर्वीच पाहावे. रुंद १५ इंची टायरची निवड आता मर्यादित आहे. त्यांतील अनेकांवर वेगाचे अक्षर ‘एस’, म्हणजे ताशी १८० किलोमीटर असते. व्ही-८ इंजिनाच्या गाडीला ते सहज अपुरे पडते.

साइडवॉलवर छापलेला दाब कमाल मर्यादेचा असतो, तेवढी हवा भरायची नसते. ज्या जड गाडीचे एक्सल वापरले तिचा दाबही येथे जास्तच ठरतो: ट्रेड (टायरचा रस्त्याला टेकणारा नक्षीदार भाग) मधोमध झिजतो आणि गाडी प्रत्येक खड्ड्यावर उडते. प्रत्येक चाकावरचे वजन काट्यावर मोजून टायर उत्पादकाकडून दाब ठरवून घ्यावा. अशा गाड्या फार चालत नाहीत, त्यामुळे ट्रेड नव्यासारखा असतानाच रबर कडक होते. साइडवॉलवरच्या ‘डॉट’ (DOT) संकेतातील शेवटचे चार अंक, म्हणजे टायर बनल्याचा आठवडा आणि वर्ष, पाहावेत. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. पाच वर्षांनंतर टायर दरवर्षी तपासून घ्यावेत आणि दहा वर्षांनंतर ते कितीही चांगले दिसले तरी बदलावेत.