टेपरेकॉर्डरचं हेड पुसायचं, पण कोणत्या अल्कोहोलने?

गाणं उशीखालून आल्यासारखं वाटायला लागलं की आपण कॅसेटला दोष देतो. बरेचदा दोष हेडवर, म्हणजे फितीवरचा आवाज उचलणाऱ्या भागावर, साचलेल्या तपकिरी किटणाचा असतो. फीत सेकंदाला 4.76 सेंटिमीटर वेगाने हेडला घासत जाते आणि तिच्यावरचा लेप कणाकणाने तिथे चिकटतो. या वेगाला 10 किलोहर्ट्झच्या आवाजाची फितीवरची तरंगलांबी पाच मायक्रॉनही (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) भरत नाही. म्हणून एका मायक्रॉनचा थर मध्ये आला तरी तो आवाज सुमारे 11 डेसिबलने खाली जातो. झांजांची किणकिण गायब, खर्ज मात्र जागच्या जागी!

आधी बाटली नीट निवडा. आयसोप्रोपिल अल्कोहोल हवं, तेही 99 टक्के. 70 टक्क्यांच्या बाटलीत उरलेलं बहुतेक पाणीच असतं. ते सावकाश वाळतं आणि लोखंडी भागांना गंज आणू शकतं. सॅनिटायझर तर नकोच, त्यातलं ग्लिसरीन हेडवर चिकट थर सोडतं. अ‍ॅसिटोनने प्लास्टिक विरघळतं.

प्लग काढा, खिडकी उघडा. हे द्रव झटकन पेट घेतं, त्यामुळे जवळ ज्योत नको. कॅसेट बाहेर काढून 'प्ले'चं बटण दाबा. दाबून बसणारी बटणं असतील तर वीज नसतानाही हेड पुढे येतं. कापूसकाडी भिजवा, पण थेंब गळू देऊ नका. हेड, शेजारचं जुनं रेकॉर्डिंग पुसून टाकणारं हेड आणि फीत ओढणारा कॅपस्टनचा बारीक दांडा हलक्या हाताने पुसा. काडी तपकिरी झाली की नवी घ्या. एकच काडी फिरवत राहणं म्हणजे मळ इकडचा तिकडे नेणं. काडी कोरी निघाली की थांबा. खरवडायला टाचणी किंवा पिन तर अजिबात नको, हेडवर ओरखडा पडला की तो कायमचाच.

फीत कॅपस्टनवर दाबून धरणाऱ्या रबरी पिंच रोलरची गोष्ट वेगळी. वारंवार अल्कोहोल लावलं तर रबर कोरडं पडून तडकतं, असा माझा अनुभव आहे. मी साबणाचा एक थेंब घातलेल्या कोमट पाण्यात काडी बुडवून, ती पिळून, रोलर बोटाने फिरवत पुसतो. टेपरेकॉर्डर फीत खात असेल तर हाच रोलर आधी बघा.

पाच-दहा मिनिटं सगळं वाळू द्या, ओल्या भागांवर फीत चिकटते. मग एखादी कमी प्रिय कॅसेट लावून बघा. आवाज तरीही दबलेला असेल तर दुसरी कॅसेट लावा. दोन्हींत तोच प्रकार दिसला, तर हेडचा कोन बिघडला असण्याची शक्यता आहे आणि तो अल्कोहोलने सुधारत नाही.