पदवीनंतर पहिली ठेच लागते ती संशोधन पेपर वाचताना

पदवीचा अभ्यास पुढच्या शिक्षणाला पुरतो का? विषयाच्या माहितीपुरता पुरतो. पाया बरा असेल तर कोर्सवर्क सहसा निघून जातं. गाडी अडते ती गाईड, म्हणजे संशोधनाचे मार्गदर्शक प्राध्यापक, दहा-पंधरा संशोधन पेपर हातात ठेवून ‘वाचून या’ म्हणतो तिथे.

कारण आपण पेपर पाठ्यपुस्तकासारखा वाचायला घेतो. पहिल्या ओळीपासून सुरुवात, हातात हायलायटर, आणि दुसऱ्या पानापर्यंत सगळं पिवळं. पाठ्यपुस्तकातला मजकूर वर्षानुवर्षं तावून-सुलाखून आलेला असतो. पेपर हा लेखकाचा दावा असतो. तो तपासणारे दोन-तीन परीक्षक प्रयोग स्वतः करून बघत नाहीत. म्हणजे शंका घ्यायची जबाबदारी तुमची, आणि पदवीला शंका घेण्याचे मार्क नसतात.

आधी शीर्षक आणि सारांश वाचा. मग थेट आकृत्या, तक्ते आणि त्यांच्याखालच्या ओळी बघा. नंतर प्रस्तावनेचा शेवटचा परिच्छेद. दावा बहुतेक तिथेच असतो. मग निष्कर्ष. एवढ्याला वीस मिनिटं पुरतात. पेपर कामाचा नसेल तर बाजूला ठेवा, त्यात अपराधी वाटण्यासारखं काही नाही. कामाचा वाटला तरच पद्धतीचा भाग ओळ न् ओळ वाचा.

तिथे आकडे तपासा. आलेखावरचे एरर बार (आकड्यातली अनिश्चितता दाखवणाऱ्या उभ्या रेघा) स्टँडर्ड डेव्हिएशनचे (मोजमापं किती विखुरलेली आहेत) आहेत की स्टँडर्ड एररचे (सरासरी किती अचूक आहे)? नमुने ९ असतील तर स्टँडर्ड एरर डेव्हिएशनच्या एक तृतीयांश असतो. तोच डेटा, पण आलेख तिप्पट नेटका. आकृतीखाली यातलं काहीच लिहिलं नसेल तर सावध व्हा. तुलना किती केल्या तेही मोजा. पी-व्हॅल्यूची ०.०५ ची मर्यादा धरून (म्हणजे फरक नसतानाही तो दिसण्याची पाच टक्के शक्यता चालवून घेऊन) २० तुलना केल्या, तर खरा फरक कुठेच नसतानाही सरासरी एक ‘सिग्निफिकंट’, म्हणजे फरक खरा वाटावा अशी, निघते.

शेवटी चार ओळी लिहा, स्वतःच्या शब्दांत: दावा काय, पुरावा काय, कच्चं काय, माझ्या उपयोगाचं काय. सारांश कॉपी केला तर ते लिहिणं नव्हे. एआयकडून करून घेतलेला सारांशही तसाच. लेखक काय म्हणतो ते त्यात कळतं, एरर बार कसला ते बहुधा नाही.

सुरुवातीला एका पेपरला अख्खा दिवस जातो. हे सगळ्यांचंच होतं, बुद्धीचा प्रश्न नाही. नव्या विषयात आधी एखादा ताजा रिव्ह्यू पेपर, म्हणजे त्या विषयातल्या आधीच्या संशोधनाचा आढावा घेणारा पेपर, घ्या. संदर्भ पहिल्या दिवसापासून झोटेरोमध्ये (संदर्भ साठवायच्या सॉफ्टवेअरमध्ये) टाका. थिसिसच्या शेवटच्या महिन्यात ते गोळा करणं ही शिक्षा आहे.

गाईड निवडताना नावाला भुलू नका. आठवड्याला तासभर बसणारा साधा गाईड परवडतो, सदैव दौऱ्यावर असलेला नामवंत नाही. त्याच्या सध्याच्या विद्यार्थ्यांना एवढंच विचारा: मसुदा दिला की किती दिवसांत परत येतो?

प्रॅक्टिकलची सवयही नडते. पदवीला रीडिंग चुकलं तर चूक तुमची, कारण उत्तर आधीच ठरलेलं. संशोधनात उपकरण बिघडलं, नमुना खराब की गृहीतकच चुकीचं, हे तुम्हालाच शोधावं लागतं. अजून शेवटच्या वर्षाला असाल तर प्रोजेक्ट रेडीमेड घेऊ नका, उत्तर माहीत नसलेला घ्या. फसला तर का फसला हे दोन पानांत लिहून काढा आणि मुलाखतीला जाताना ती पानं सोबत ठेवा.