ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तेल घरी बदलताना

इंजिन ऑइल स्वतः बदलण्याचा सराव असलेल्या माणसाला ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तेल बदलणे फारसे वेगळे वाटत नाही. खालचा प्लग काढायचा, जुने तेल सोडायचे, प्लग लावायचा आणि नवे तेल ओतायचे, एवढेच ते दिसते. मात्र त्यातला अवघड भाग जुने तेल काढणे हा नसून नव्या तेलाची पातळी अचूक लावणे हा आहे. इंजिनात तेल थोडे कमी-जास्त झाले तरी ते बहुधा निभावून नेते. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स तेवढी सवलत देत नाही. इथले तेल केवळ वंगण नसते. पंप ते दाबाखाली व्हॉल्व्ह बॉडीत, म्हणजे तेल कुठे जावे हे ठरवणाऱ्या झडपांच्या ठोकळ्यात, ढकलतो, तिथून ते क्लचवर दाब देते, टॉर्क कन्व्हर्टरमध्ये तेच इंजिनाची ताकद पुढे पोचवते आणि कूलरमधून फिरताना उष्णता बाहेर टाकते. पातळी कमी असली की पंप तेलाबरोबर हवा ओढतो, आणि जास्त असली की फिरते भाग तेलात बुडून त्याचा फेस करतात. तेल दाबले जात नाही, पण फेस दाबला जातो. त्यामुळे दोन्ही प्रकारांत क्लचवरचा दाब कमी होतो, क्लच घसरू लागतात आणि शेवटी जळतात.

म्हणून हात काळे करण्याआधी थोडा वेळ माहिती जमवण्यात घालवावा. पहिली गोष्ट म्हणजे आपला गिअरबॉक्स नेमका कोणत्या जातीचा आहे, हे पक्के करणे. क्लचचे पेडल नसलेली प्रत्येक गाडी सरसकट ‘ऑटोमॅटिक’ म्हणवली जाते, पण टॉर्क कन्व्हर्टर असलेला पारंपरिक ऑटोमॅटिक, पट्ट्यावर किंवा साखळीवर चालणारा सीव्हीटी, ड्युअल क्लच आणि एएमटी या चार वेगळ्या वस्तू आहेत. एएमटी हा मुळात मॅन्युअल गिअरबॉक्सच असतो, त्यात क्लच दाबण्याचे आणि गिअर टाकण्याचे काम यंत्रणा करते, आणि त्याला साधे गिअर ऑइल लागते. सीव्हीटीचे तेल धातूचा पट्टा पुलीवर घसरू नये अशा रीतीने बनवलेले असते; तिथे नेहमीचे एटीएफ, म्हणजे पारंपरिक ऑटोमॅटिकचे तेल, ओतणे म्हणजे गिअरबॉक्सच्या जिवाशी खेळणे होय. पुढची कृती मुख्यतः टॉर्क कन्व्हर्टरच्या ऑटोमॅटिकसाठी आहे.

दुसरी गोष्ट तेलाचा प्रकार. डेक्सरॉन, मर्कॉन, टोयोटाचे डब्ल्यूएस, होंडाचे डीडब्ल्यू-१ ही वेगवेगळी मानके आहेत. त्यांच्यात घट्टपणाचा फरक असतो, आणि क्लच पकडताना किती घर्षण मिळावे यातही असतो. रंग पाहून तेल ठरवू नये. बहुतेक एटीएफ लाल असले तरी तो केवळ गळती ओळखता यावी म्हणून घातलेला रंग आहे. ‘सर्व गाड्यांसाठी चालते’ असे लिहिलेल्या डब्यांविषयी माझे मत सावध आहे: डब्यामागे आपल्या गाडीचे मानक नावानिशी छापलेले नसेल, तर तो डबा जागेवरच राहू द्यावा.

तेल कधी बदलावे, याचे उत्तर गाडीच्या पुस्तिकेत असते, आणि कधीकधी तिथे ते ‘आयुष्यभरासाठी भरलेले’ असेही लिहिलेले असते. आयुष्य कोणाचे, हा प्रश्न तिथे विचारता येत नाही. बऱ्याच गाड्यांना गिअरबॉक्स पुरवणारी झेडएफ ही जर्मन कंपनी मात्र आपल्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्ससाठी साधारण ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरनंतर तेल बदलण्याची शिफारस करते. सतत गर्दीत चालणारी, घाट चढणारी किंवा मागे ओझे ओढणारी गाडी असेल, तर या मर्यादेच्या बऱ्याच आधी तेल बदलणे शहाणपणाचे ठरते, कारण तेलाचा सर्वांत मोठा शत्रू उष्णता आहे.

एक इशारा इथेच देणे बरे. गिअर आधीच घसरत असतील, तेल काळे पडून त्याला जळका वास येत असेल, तर नवे तेल तो रोग बरा करणार नाही. अशा वेळी क्लचचे अस्तर झिजलेले असते, आणि तेल बदलल्यावर गिअरबॉक्स बंद पडला तर दोष तेलाला दिला जातो. तिथे आधी तपासणी करून घ्यावी. तेल गडद झाले आहे पण गिअर नीट पडत आहेत, अशा गाडीत तेल बदलायला हरकत नाही. मात्र यंत्राने दाब देऊन सगळे तेल एकदम धुऊन काढण्यापेक्षा थोडे-थोडे बदलणे मला अधिक सुरक्षित वाटते.

थोडे-थोडे म्हणण्याचे कारण असे की ड्रेन प्लग काढल्यावर सगळे तेल बाहेर येतच नाही. टॉर्क कन्व्हर्टर, कूलर आणि आतल्या वाटांमध्ये ते अडकून राहते. समजा, एकूण ८ लिटर तेल आहे आणि एका वेळी ३.५ लिटर निघते. पहिल्या बदलानंतर सुमारे ४४ टक्के तेल नवे होते, काही दिवस गाडी चालवून पुन्हा तेवढेच बदलले की ६८ टक्के, आणि तिसऱ्या वेळी सुमारे ८२ टक्के. ठरलेल्या मुदतीत नियमाने बदलत असाल तर एक फेरी पुरते. बरीच वर्षे हात न लावलेल्या गाडीला दोन-तीन फेऱ्या द्याव्यात.

आता प्रत्यक्ष काम. गाडी सपाट जागेवर उभी करावी आणि उचलायची असेल तर चारही बाजूंनी सारखी उचलून जॅक स्टँडवर टेकवावी. केवळ पुढचा भाग उचलला तर तेल मागे सरकते आणि पातळी चुकीची दिसते. नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीखाली कधीही शिरू नये. तेल कोमट असावे, म्हणजे ते नीट वाहते. लांबच्या फेरीवरून आल्या-आल्या मात्र ते हात भाजण्याइतके तापलेले असते.

खालचा ड्रेन प्लग सैल करण्याआधी तेल भरण्याचा वरचा प्लग सैल होतो का, हे पाहावे. हा क्रम मोडू नये. अनेक नव्या गाड्यांमध्ये डिपस्टिक, म्हणजे पातळी पाहण्याची पट्टी, नसते आणि तेल बाजूच्या एका प्लगमधूनच भरावे लागते. तो गंजून बसलेला असेल किंवा त्याचे तोंड घासून गेले असेल, तर तेल काढून टाकलेली गाडी जागची हलवता येत नाही. शिवाय आपण उघडतो तो प्लग गिअरबॉक्सचाच आहे, इंजिनाचा किंवा डिफरन्शियलचा नाही, याची खात्री सर्व्हिस मॅन्युअलमधल्या चित्रावरून करावी. ही चूक वाटते त्यापेक्षा बरीच सर्रास होते.

जुने तेल मोजता येईल अशा भांड्यात काढावे. ते मोजणे महत्त्वाचे आहे, कारण जेवढे निघाले तेवढे भरणे हा पुढच्या हिशेबाचा पाया असतो. गळती नसलेल्या गाडीत एवढ्यानेच पातळी जवळपास जमते. काही गाड्यांमध्ये खालचा प्लग काढल्यावर थोडेसे तेल येऊन थांबते. तिथे प्लगच्या आत एक उभी नळी असते, जी पातळी दाखवण्यासाठीच बसवलेली असते; ती ॲलन कीने फिरवून काढली की उरलेले तेल सुटते. काम संपण्याआधी ती नळी परत बसवायची असते, म्हणून ती आणि तिचा प्लग एकाच वाटीत ठेवावेत.

प्लगवर किंवा पॅनमध्ये, म्हणजे गिअरबॉक्सच्या तळाशी तेल साठणाऱ्या तबकात, बसवलेल्या चुंबकाकडे नीट पाहावे. त्यावर करडा, मऊ, बोटांत चोळला तर काजळासारखा पसरणारा गाळ असेल, तर ती नेहमीची झीज आहे. चुंबक पुसून परत लावावा. बोटाला टोचणारे तुकडे, दातांचे कण किंवा चकाकणाऱ्या चकत्या दिसल्या, तर आत काहीतरी तुटले आहे आणि नुसते तेल भरून ते झाकले जाणार नाही.

फिल्टर बदलायचा असेल तर पॅन उतरवावा लागतो. सगळे बोल्ट एकदम न काढता एका बाजूचे आधी काढावेत आणि दुसऱ्या बाजूचे सैल ठेवावेत, म्हणजे पॅन तिरका होऊन उरलेले तेल एका कडेने वाहते. जुना फिल्टर ओढून काढल्यावर त्याचे रबरी सील बऱ्याचदा वरच्या भोकातच चिकटून राहते. ते न पाहता नवा फिल्टर बसवला की एकावर एक दोन सील बसतात, फिल्टर पूर्ण आत जात नाही आणि पंप त्या फटीतून हवा ओढू लागतो. टॉर्च लावून ते भोक पाहायला अर्धा मिनिट लागतो. पॅनच्या कडेवरचे जुने गॅस्केट प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडावे, धागे न सोडणाऱ्या फडक्याने पुसावे आणि कंपनीने सांगितले नसेल तर गॅस्केटला सिलिकॉन फासू नये; आत पिळून निघालेला त्याचा तुकडा व्हॉल्व्ह बॉडीत जाऊन अडकू शकतो. काही गिअरबॉक्समध्ये पॅन प्लॅस्टिकचा असून फिल्टर त्यातच घडवलेला असतो, तेव्हा पूर्ण पॅनच बदलावा लागतो.

पॅनचे बोल्ट लहान असतात आणि ते ॲल्युमिनियमच्या अंगात बसतात. मधून सुरुवात करून आलटून-पालटून, दोन-तीन फेऱ्यांत आणि टॉर्क रेंच वापरून ते आवळावेत. जोर लावून आवळले की आटे जातात, आणि मग स्वस्तात उरकायला घेतलेले काम महागात पडते. ड्रेन प्लगला नवा वॉशर लावावा.

नवे तेल लांब नळीच्या नरसाळ्याने किंवा हातपंपाने भरावे, आणि मोजून काढलेल्या तेलापेक्षा थोडे कमीच. मग मोकळ्या हवेत इंजिन सुरू करावे, कारण बंद जागेतला धूर प्राणघातक असतो. ब्रेक घट्ट दाबून गिअर पी, आर, एन, डी असा फिरवावा, प्रत्येक जागी काही सेकंद थांबावे आणि पुन्हा पी मध्ये आणावा. त्या वेळी गाडीखाली कोणीही नसावे. यामुळे नवे तेल आतल्या वाटांमध्ये पसरते.

पातळी तपासण्याची पद्धत मात्र गाडीनुसार बदलते. डिपस्टिक असलेल्या बहुतेक गाड्यांत तेल तापलेले आणि इंजिन चालू असताना पातळी पाहतात. होंडाच्या अनेक गिअरबॉक्समध्ये उलट, इंजिन बंद करून साधारण ६० ते ९० सेकंदांत पाहावी लागते. डिपस्टिक नसलेल्या गाड्यांत तेलाचे तापमान ठरावीक पट्ट्यात, अनेकदा ३५ ते ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास असताना, इंजिन चालू ठेवून पातळीचा प्लग उघडतात. नेमका आकडा सर्व्हिस मॅन्युअलमधूनच घ्यावा. हे तापमान गिअरबॉक्सच्या तेलाचे असते, इंजिनाच्या पाण्याचे नव्हे. गाडीच्या संगणकाला जोडून आकडे वाचणाऱ्या स्कॅनरवर ते वेगळे दिसते. तेल तापले की फुगते, म्हणून जास्त तापलेल्या तेलावर पातळी लावली तर थंड झाल्यावर ती कमी भरते.

प्लग उघडल्यावर काहीच आले नाही, तर तेल कमी आहे. वरून थोडे-थोडे भरत राहावे. जोरात धार आली तर ती वाहू द्यावी. धार बारीक होत होत तुटते आणि थेंब पडू लागतात, तोच प्लग लावण्याचा क्षण. तेवढ्यात तापमान पट्ट्याबाहेर गेले, तर इंजिन बंद करून ते उतरू द्यावे आणि पुन्हा पाहावे. इथे घाई करण्यापेक्षा एक तास वाट पाहणे परवडते.

त्यानंतर थोडी फेरी मारून यावी आणि प्लगभोवती व पॅनच्या कडेला ओल दिसते का ते बघावे. गिअर पडताना सुरुवातीला थोडा धक्का जाणवला तर लगेच घाबरू नये; गिअरबॉक्सचा संगणक जुन्या तेलाच्या वागण्याशी जुळवून घेतलेला असतो आणि नव्याशी जुळायला त्याला काही अंतर लागते. काही गाड्यांत हे जुळवणे स्कॅनरने नव्याने करावे लागते. धक्के वाढत गेले किंवा गिअर घसरला, तर गाडी चालवत राहू नये आणि सर्वांत आधी पातळी पुन्हा तपासावी.

काढलेले तेल झाकणाच्या डब्यात भरून जुने तेल गोळा करणाऱ्याकडे द्यावे. ते गटारात किंवा मातीत ओतू नये, तसेच पुनर्वापरासाठी द्यायच्या तेलात पेट्रोल, कूलंट किंवा ब्रेक ऑइल मिसळू नये. डब्यावर किलोमीटरचा आकडा, तेलाचे मानक आणि भरलेले लिटर लिहिले असतील, तर तो देण्याआधी तेच आकडे गाडीच्या सर्व्हिस पुस्तिकेत उतरवून घ्यावेत.